अंडं, अठरा टक्के आणि ॲडमिशन

"ताई, फोटोग्राफीला काही भवितव्य आहे का हो?"

सहकारनगरात सकाळी साडेनऊला, कुंपणापलीकडून शेजारीण असा प्रश्न विचारते तेव्हा समजावं की घरात बारावीचा निकाल लागलाय आणि रात्री कुणाला धड झोप लागलेली नाही. वहिनींचे डोळे तेच सांगत होते. चिरंजीवांना इंजिनिअरिंग नको, कॉमर्स नको, बीबीए तर नकोच नको. फोटोग्राफी करायची म्हणे. वडील म्हणाले, "म्हणजे कॅमेरा गळ्यात अडकवून लोकांची लग्नं करत फिरणार?" मुलगा म्हणाला, "हो." पुढचा संवाद बंद दाराआडून झाला.

"कोर्स कुठला म्हणतोय?" मी कढीपत्ता तोडता तोडता विचारलं.

वहिनी आत गेल्या आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आल्या. वर पंख पसरलेला रोहित, गुलाबी, मागे धुकट पाणी.

"भिगवण," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

अहो, कळायचंय काय त्यात! पुण्यात फोटो शिकवणाऱ्या बहुतेक क्लासांची सहल हिवाळ्यात भिगवणला जाते. उजनीचं पाणी पसरलेलं असतं, नावाडी होडी नेमक्या अंतरावर नेऊन उभी करतो, रोहित उडतात, आणि होडीतले सगळेजण एकदम बटण दाबतात. आषाढाच्या तोंडावर हीच मंडळी दिवेघाटात त्याच टेकडीवर चढून पालखीचा तोच नागमोडी फोटो काढतात. फोटो वाईट नसतो, पण त्यातून बस कुठे गेली एवढंच कळतं, मुलगा काय शिकला ते कळत नाही. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले, राहुट्यांतलं जगणं बघितलं, तेव्हा कुठे 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक झालं. एका रविवारच्या सहलीत ते होत नाही.

वहिनींना रोहित पटला नाही, पण तमाशा तर त्याहून पटला नाही. "त्यापेक्षा आपली फिल्म इन्स्टिट्यूट बरी. सरकारी आहे. लॉ कॉलेज रोडला आहे. घरून डबा नेता येईल."

पुण्यातल्या आईला संस्था निवडताना डब्याचं अंतर आधी दिसतं, त्यात काही चूक नाही. पण मला सांगावं लागलं, की वहिनी, तिथला छायालेखनाचा मुख्य कोर्स तीन वर्षांचा आणि तो पदवीनंतरचा. बारावीच्या मार्कलिस्टवर तिथलं दार उघडत नाही. प्रवेश परीक्षा असते, देशभरातून मुलं बसतात, जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय तिथे शिकवतात ते सिनेमाचं छायाचित्रण. एक फ्रेम नीट लावणं आणि चालत्या माणसामागे कॅमेरा नेत दृश्य उभं करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. 'किल्ला'वाला अविनाश अरुण तिथूनच छायालेखन शिकून बाहेर पडला, हे खरं. पण त्याला तिथे जाऊन काय करायचंय हे माहीत होतं. तुमच्या चिरंजीवांना अजून 'कॅमेरा आवडतो' एवढंच माहीत आहे.

जास्वंदीला पाणी घालणारे आमचे हे लगेच सरसावले. "प्रभातचा स्टुडिओ तो! कोल्हापूरहून १९३३ ला पुण्यात आले, आणि १९६० मध्ये सरकारने तिथे इन्स्टिट्यूट काढली." ह्यांना कुठलाही विषय द्या, प्रभातपर्यंत आणून सोडतात. मी म्हटलं, तिथे लहान मुदतीचे कोर्सही निघतात, काही आठवड्यांचे, आणि त्यांना पदवीची अट घालत नाहीत असेही असतात. वहिनींनी ते लक्षात ठेवलं. डब्याचा प्रश्न सुटत होता ना!

मग माझ्या भाच्याचा विषय निघाला. निघणारच होता, कारण फोटोग्राफी शिकलेलं आमच्या नात्यातलं हे एकच माणूस. टिळक रोडच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकत असताना तो आमच्याकडेच राहत होता. तिथला कोर्स उपयोजित कलेचा, म्हणजे जाहिरात, अक्षरं, चित्रं, आणि त्यातच फोटोग्राफी. आता या पदवीला राज्याची सीईटी द्यावी लागते, एएसी म्हणतात तिला. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन असं सगळं हाताने काढावं लागतं.

"म्हणजे चित्रकला?" वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अहो, ह्याने आठवीत एलिमेंटरी दिली आणि इंटरमिजिएटच्या वेळी क्रिकेटचा क्लास लावला!"

पुण्यात क्लास लावला की विषय संपतो. असो.

तर भाच्याची गोष्ट. त्याला सरांनी पहिलं मोठं काम दिलं ते अंड्याचं. पांढरा कागद, त्यावर पांढरं अंडं, एकच दिवा, आणि आठवडाभराची मुदत. बाकी काही नाही. आमच्या घरात अंडं येत नव्हतं. सासूबाई तेव्हा होत्या आणि उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, की हे माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही. अखेर मागच्या खोलीत, नळाच्या बाजूच्या खिडकीत तहाची जागा ठरली.

पहिल्या दिवशी पोराने समोरून फ्लॅश मारला. अंडं चपटं आलं, वर करडं. पांढऱ्या कागदावरचं पांढरं अंडं करडं कसं आलं, यावर तो रात्रभर चिडला. कारण साधं आहे, पण सांगितल्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्यातलं मीटर समोर काहीही असलं तरी ते सरासरीने मध्यम करडं आहे असंच धरून चालतं. त्या करड्याला अठरा टक्के करडं म्हणतात. तसं कार्डही विकत मिळतं. त्यामुळे पांढरं अंडं करडं येतं आणि काळीकुट्ट कढई ठेवलीत तर तीही करडीच येते. कॅमेऱ्याला वाटतं ते खोटं आहे हे ओळखून आपण उजेड वाढवायचा किंवा कमी करायचा. हे एवढं एक कळायला भाच्याला दोन दिवस लागले. मग खिडकीला बटरपेपर लावला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, आणि अंड्याला कड आली, गोलाई आली, खाली मऊ सावली पडली.

चौथ्या दिवशी सासूबाई दारातून म्हणाल्या, "डावीकडचा उजेड जरा जास्त होतोय." आम्ही सगळे बघतच राहिलो. शेवटच्या फोटोला तर त्यांनी पाहून झाल्यावर मान डोलावली. अंड्याला हात मात्र लावला नाही.

आणि कॉलेजात काय झालं? सरांनी वर्गातले सगळे फोटो भिंतीवर टाचले. चांगले-वाईट सगळे, नावासकट. भाच्याच्या पहिल्या फोटोखाली उभं राहून म्हणाले, "हे अंडं आहे हे खाली लिहिलंय म्हणून कळलं." पोरगा दोन दिवस जेवला नाही नीट. पण आज तो भांडी, दागिने, औषधाच्या बाटल्या यांचे फोटो काढून पोट भरतो, आणि चकाकत्या स्टीलच्या कुकरवर दिव्याचं प्रतिबिंब कुठे पाडायचं हे त्याला त्या अंड्यानेच शिकवलं.

"म्हणून वहिनी," मी म्हटलं, "कोर्स निवडायचा म्हणजे पोराने कुणाची बोलणी खायची ते निवडायचं. कॅमेऱ्याची बटणं काय, मोबाइलवरचे व्हिडिओ फुकटात शिकवतात. तुझा फोटो कुठे फसला हे तोंडावर सांगणारा माणूस फुकटात मिळत नाही. फी त्या माणसाची."

वहिनींना हे मनापासून पटलं, कारण बोलणी खाण्याची चिरंजीवांना गरज आहे याबद्दल त्यांचं आधीपासूनच एकमत होतं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी रोहितवाली जागा बघायला गेलो. नाव नाही सांगत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. काचेचं दार, एसी, कॉफीचं यंत्र. कौन्सेलर मुलगी गोड होती. "मॅम, आज रात्री बारापर्यंत बुकिंग केलंत तर डिस्काउंट, आणि कॅमेऱ्याची बॅग फ्री." वहिनी तुळशीबागेत घडलेल्या. त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी आलो तर बॅगेला काय होतं?" मुलगी हसली, पण उत्तर आलं नाही.

भिंतींवर मोठमोठे फोटो होते. मी विचारलं, यातले विद्यार्थ्यांचे कुठले? सगळे सरांचे होते. मुलांचे 'इन्स्टावर आहेत मॅम'. स्टुडिओ दाखवा म्हटलं तर कुलूप. सर बाहेरगावी शूटला, किल्ली सरांकडे. म्हणजे सर नसले की स्टुडिओही नाही! एका बॅचला किती मुलं, एका मुलाला आठवड्याला दिव्याखाली किती तास, या दोन प्रश्नांवर ती मुलगी दोनदा आत जाऊन आली. 'इंटरनॅशनल डिप्लोमा' कुठल्या विद्यापीठाचा, याला उत्तर मिळालं : "ॲफिलिएशन प्रोसेसमध्ये आहे."

मग फीचा कागद आला. खाली वेगळ्या ओळीत, प्लस अठरा टक्के जीएसटी.

इथे वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अंड्याचे अठरा टक्के इथेही आले का?"

फोटोग्राफीत अठरा टक्के दोन ठिकाणी भेटतात, ग्रे कार्डात आणि फीच्या पावतीत. पण पावतीतल्या अठरा टक्क्यांना अर्थ आहे, तो तुम्हीही ऐकून ठेवा. कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. खासगी क्लासवर लागतो. तेव्हा फीवर जीएसटी लावलाय याचा अर्थ शिकवणं वाईट असा नाही, कित्येक खासगी ठिकाणी माणसं जीव ओतून शिकवतात. पण कौन्सेलर 'डिग्री' म्हणत असेल आणि पावतीवर जीएसटी असेल तर दोन्हींतलं एक काहीतरी नीट विचारून घ्यावं. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच, हे युजीसीच्या १९५६ च्या कायद्यातच आहे, आणि मान्य विद्यापीठांची तशीच बनावट विद्यापीठांचीही यादी युजीसी प्रसिद्ध करते. शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर बँकही तेच बघते. पुण्यात रीतसर पदवी हवीच असेल तर सिम्बायोसिस आहे, भारती विद्यापीठ आहे. बाहेर पाठवायची तयारी असेल तर हैदराबादला कला विद्यापीठात फोटोग्राफीची पदवी आहे, उटीकडे लाइट अँड लाइफ अकादमी आहे, गांधीनगरच्या एनआयडीत पदव्युत्तर आहे. आणि ज्याचा घरात कुणी उल्लेखही करत नाही ते म्हणजे आयटीआय. 'डिजिटल फोटोग्राफर' नावाचा एक वर्षाचा ट्रेड तिथल्या यादीत आहे, दहावीवर. पण आयटीआय म्हटलं की आपल्याकडे लगेच 'पाहुण्यांना काय सांगायचं' सुरू होतं.

घरी आलो तर आमचे हे पुस्तक उघडून तयारच. म्हणाले, "फोटोग्राफीचे क्लास हे काही आजचं खूळ नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्यात होते. त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे नावाजलेले फोटोग्राफर झाले."

"बघा!" वहिनी खूश. "कोर्स करून नाव काढलं ना!"

"हो, आणि पुढे मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले, आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या कर्नल ऑल्कॉटनी त्यांच्यावर पैशाच्या घोळाचा आरोप केला."

वहिनींचा आनंद तिथेच मावळला. ह्यांना कुठे थांबावं ते कळत नाही.

मी विषय फाळक्यांवर नेला, कारण ते सुरक्षित वाटले. तेही काही फार सुरक्षित निघाले नाहीत. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे.जे.त गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात, तिथे प्रा. गज्जरांच्या हाताखाली फोटोग्राफी शिकले. म्हणजे कोर्स झाला, तोही त्या काळातल्या उत्तम ठिकाणी. गोध्र्याला स्टुडिओ टाकला, तर प्लेग आला आणि पहिली बायको नि मूल गेलं. बडोद्यात पुन्हा धंदा मांडला, तर फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी लोकांची समजूत. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना, आणि कुठे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'. आणि सरस्वतीबाई! कुठल्याही क्लासला न जाता रात्री फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला शिकल्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक.

"त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलं का?" वहिनी एकदम ठसक्यात म्हणाल्या. त्या रागाला खरं म्हणजे घरातला दुसराच संदर्भ होता, तो मी इथे लिहिणार नाही.

मी होमाई व्यारावाला सांगितल्या. जे.जे.त शिकल्या, पण कॅमेरा हातात धरायला शिकवला तो माणेकशांनी, ज्यांच्याशी पुढे लग्न केलं. बाईंना कोण ओळखतो, म्हणून सुरुवातीचे फोटो छापून यायचे नवऱ्याच्या नावाने. पुढे देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव झालं, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. हे ऐकल्यावर वहिनींनी मुलाचं राहू द्या, स्वतःच कोर्स करायचा विचार तीन मिनिटं तरी केला. चेहऱ्यावर दिसत होता.

आता राहिलं लग्नांचं. वहिनींच्या यजमानांना लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे शेवटची पायरी वाटते. मला ते मुळीच मान्य नाही. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा हेच काम करतो. कोर्स कुठलाही नाही. सुरुवातीला एका फोटोग्राफरच्या मागे नुसता लाइट धरून उभा राहायचा. छत्री कुठे तिरकी करायची, बॅटरी केव्हा बदलायची, काकूंना न दुखावता फ्रेमबाहेर कसं काढायचं, हे सगळं त्याने असं शिकून घेतलं. तो मला एकदा सांगत होता, की अख्ख्या लग्नात खरी परीक्षा दोन सेकंदांची. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, आणि दोघं एकमेकांकडे बघतात. त्याच क्षणी हॉलभर अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, आणि कुणाचा तरी मामा मोबाइल उंच धरून नेमका मध्ये येतो. वरून स्टेजवर जांभळे एलईडी, समोरून व्हिडिओवाल्याचा पांढरा दिवा, मागून हॉलची पिवळी झुंबरं. नवरीचा एक गाल जांभळा, एक पिवळा. तिथे उभं कुठे राहायचं आणि कुठल्या उजेडाला खरं मानायचं, हे आधीच ठरलेलं लागतं. अंतरपाट पुन्हा धरत नाहीत.

आणि धंद्याचं कोण शिकवतं? दरपत्रक कसं करायचं, आगाऊ किती घ्यायचे, अल्बमला सहा महिने लावणाऱ्या पार्टीचं काय करायचं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्यात पैसे देणाऱ्याकडे जातो. फोटोग्राफरकडे राहत नाही. हे मला भाच्याने सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. ज्या कोर्सात यावर एकही तास नाही, तिथून बाहेर पडलेला मुलगा पहिल्याच मोठ्या कामात गाळात जातो.

शेवटी काय ठरलं ते सांगते, कारण आमच्या गल्लीत अर्धवट बातमी फार लवकर फिरते. रोहितवाल्यांकडे जायचं नाही. मोठा कॅमेरा आत्ता घ्यायचा नाही. भाच्याचा जुना आहे, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलाय, तो वापरायचा. आधी एखादा लहान मुदतीचा कोर्स. सोबत वस्तुचित्राचा सराव, आणि पुढच्या वर्षी सीईटी. तुळशीचं लग्न झालं की मागच्या गल्लीतल्या मुलाबरोबर लाइट धरायला जायचं. यजमानांना ही शेवटची अट अजून सांगितलेली नाही. आणि दर महिन्याला बालगंधर्वच्या कलादालनात, घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात फोटोंचं प्रदर्शन लागलं की जाऊन बघायचं. तेवढं वहिनी स्वतः नेणार आहेत.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. सहकारनगर, पद्मावती, अरण्येश्वर, धनकवडी या बाजूला कुणाचं मूल फोटोग्राफीच्या कुठल्याही कोर्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तर त्याच्या आईला वहिनींशी बोलायला पाठवा. माहितीपत्रक आणू नका, मुलाचे नापास झालेले फोटो आणा, आणि सर त्यावर काय म्हणाले तेही विचारून या. चहा वहिनींकडे, पोहे माझ्याकडे. साडेनऊनंतर, भाजीवाला येऊन गेल्यावर.